स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट शेवटी वाचतं कोण?

चौथा_मजला

मंडळी नमस्कार. आमच्या इमारतीला तीस वर्षं होऊन गेली आणि महापालिकेची नोटीस आली, कलम २६५अ खाली स्थैर्य प्रमाणपत्र आणून द्या. आता गंमत बघा. आमचं स्ट्रक्चरल ऑडिट सोसायटीच्या उपविधींप्रमाणे आधीच झालंय, एक प्रत उपनिबंधकांच्या ऑफिसात दिलीय, पोच फाइलला आहे. पालिकेत ती दाखवली तर म्हणे हे सहकार खात्याचं, आम्हाला आमच्या यादीतल्या इंजिनियरचं पाहिजे. उपनिबंधकांकडे गेलो तर तिथले क्लार्क म्हणाले, ऑडिट झालं की नाही एवढंच आम्ही बघतो, आत काय लिहिलंय ते आम्हाला कसं कळणार. खोटं नाही बोलले बिचारे. पण आत लिहिलंय की पार्किंगमधल्या तीन कॉलमचं स्टील उघडं पडलंय!

त्यात फायरचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) तिसरीकडे, लिफ्टचा दाखला चौथीकडे.

नियम राज्य सरकार करतं, राबवते पालिका, मधे सहकार खातं, म्हाडा (राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण), रेरा (बिल्डरांवरचं नियामक प्राधिकरण), विद्युत निरीक्षक. ह्या सगळ्यांनी एकमेकांशी बोलायची काही सोय कायद्यात आहे की नाही? माझं मत, आपल्याकडे नियमांचा दुष्काळ अजिबात नाही. एका ऑफिसात आलेला कागद दुसऱ्या ऑफिसला कळवायची सक्ती मात्र कुणावर नाही आणि लोक मरतात ते ह्या फटीत. ज्यांनी सोसायटी चालवलीय, सरकारी नोकरी केलीय किंवा नुसतंच भोगलंय त्यांनी लिहा.

नुसताच_वाचक

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. (इमारत १९८४ ची. ऑडिट नाही. पॉपकॉर्न हळू खातोय.)

सेक्रेटरी_अनिच्छेने

चौथा मजला, तुमचं दुखणं आमचंही. मुळात दोन खात्यांची घड्याळंच वेगळी आहेत. आदर्श उपविधी ७७ म्हणतो की इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर दर ५ वर्षांनी ऑडिट, ३० च्या पुढे दर ३ वर्षांनी. महापालिकेचा कायदा १५ वर्षाला विचारतच नाही, ३० झाली की मग प्रमाणपत्र आणि त्यानंतर दर १० वर्षांनी. मुंबईत हेच ३५३ब मध्ये, बाकी शहरांत तुमचं ते २६५अ. दोन्ही कायदे एकाच राज्याचे बरं का, एक सहकार खात्याकडे एक नगरविकासकडे.

आणि उपविधी फक्त नोंदणीकृत सोसायटीला लागू. अपार्टमेंट कायद्याखाली, म्हणजे १९७० च्या, डिक्लरेशन केलेल्या इमारती, पागडीच्या चाळी, बिल्डरने सोसायटीच करून दिली नाही अशा, त्यांना ७७ शी काही देणंघेणं नाही. म्हणजे जिथे जास्त गरज तिथेच नियम पोचत नाही.

आमच्याकडे एजीएममध्ये ऑडिटचा विषय काढला की पहिला प्रश्न "खर्च किती" आणि दुसरा "कुणी मागितलंय का". दुसऱ्याचं उत्तर नाही असं आलं की विषय पुढच्या एजीएमला.

मुंबैकर_हल्ली_बदलापूर

समन्वयाचं बोलताय तर डोंगरी आठवा. जुलै २०१९, केसरबाई इमारत. माणसं अजून ढिगाऱ्याखाली होती आणि टीव्हीवर म्हाडा म्हणतेय पडलेला भाग अनधिकृत, आमच्याकडचा नाही, पालिका म्हणतेय म्हाडाचा. उपकरप्राप्त इमारतीला चिकटून बांधलेला भाग कुणाचा, हा प्रश्न ती उभी असताना कुणाला पडला नव्हता.

उपकरप्राप्त म्हणजे काय ते माहीत नसलेल्यांसाठी, मुंबई बेटावरच्या जुन्या भाड्याच्या इमारती, मालक दुरुस्ती करेना म्हणून १९६९ च्या कायद्याने राज्याने दुरुस्ती मंडळ काढलं आणि भाडेकरूंकडून उपकर घ्यायला सुरुवात केली. सुरुवातीला १९,६४२ इमारती होत्या. उपकर गोळा करते पालिका आणि दुरुस्ती बघतं मंडळ. तेव्हापासून हा संसार दोन घरचा आहे.

खडी_वाळू_सिमेंट

मी स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, ऑडिट करतो, त्यामुळे इथे शिव्या पडणार हे धरूनच लिहितो.

रिपोर्ट वाचत नाहीत हे खरंय, पण रिपोर्ट लिहितं कोण हेही विचारा ना. आर्किटेक्टला १९७२ चा देशपातळीवरचा कायदा आहे, कौन्सिल आहे, नोंदणी रद्द होऊ शकते. आम्हाला तसं काहीच नाही. पालिका आपापल्या याद्या करतात. एका शहराने यादीतून काढलेला माणूस शेजारच्या शहराच्या यादीत सुखात असू शकतो, कारण ती यादी ह्यांना बघायची गरज नाही. राज्याने एकच रजिस्टर ठेवलं आणि काढलेल्यांची नावं सगळ्या पालिकांना आपोआप गेली तर निम्मा कचरा थांबेल.

दुसरं म्हणजे दर. सोसायट्या तीन कोटेशन मागवतात आणि सगळ्यात स्वस्त घेतात. त्या पैशात माणूस येतो, चार फोटो काढतो, हातोडीने दोन ठिकाणी टकटक करतो. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, कार्बोनेशन, स्टील किती गंजलंय त्याची हाफ सेल, गरज असेल तिथे कोअर, म्हणजे काँक्रीट कापून काढलेला नमुना, हे सगळं करायला दिवस आणि माणसं लागतात. कोअर काढायचा म्हटलं की रहिवासीच ओरडतात "आमचा कॉलम भोकसणार का".

तिसरं, आणि हे नाजूक आहे. एकाच इमारतीचे दोन रिपोर्ट. मालकाला पाडायची असते तो सी१ आणतो, भाडेकरूंना राहायचं असतं ते सी२ आणतात. मुंबईत अशा भांडणासाठी टीएसी, म्हणजे तांत्रिक सल्लागार समिती आहे. कुर्ल्याची नाईक नगरची इमारत, जून २०२२, १९ माणसं गेली, ती आधी सी१ मध्ये होती, रहिवाशांच्या बाजूने नवं ऑडिट आल्यावर सी२ मध्ये आली. कागदावर सगळं रीतसर.

अडगुळे_मडगुळे

सी१ सी२ म्हणजे काय हो? आम्हाला फक्त १आरके २बीएचके कळतं.

खडी_वाळू_सिमेंट

@अडगुळे, सी१ म्हणजे राहायला अयोग्य, लगेच रिकामी करून पाडायची. सी२अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती, कधी थोडा भाग पाडून. सी२ब मध्ये लोक राहत असताना दुरुस्ती चालते. सी३ किरकोळ. दर वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पालिका जी धोकादायक इमारतींची यादी पेपरात देतात ती ह्यातली सी१ ची.

निवृत्त_नगररचना

मी नगररचना खात्यात होतो, राज्याचा कर्मचारी, पण नोकरीचा बराच काळ प्रतिनियुक्तीवर वेगवेगळ्या पालिकांत गेला. म्हणजे चौथा मजला ज्यांना भेटले त्या टेबलाच्या मागे मी बसलेलो आहे. थोडं लांबेल.

७४ वी घटनादुरुस्ती झाली १९९२ साली. बाराव्या अनुसूचीत जी १८ कामं दिलीत त्यात इमारत बांधकामाचं नियमन आहे, अग्निशमन सेवा आहे. म्हणजे कागदावर हे काम शहराचं. प्रत्यक्षात आयुक्त राज्य नेमतं, विकास आराखडा राज्य मंजूर करतं, नियमावली राज्याची, नगररचनेचा अधिकारी राज्याचा पाठवलेला, आणि १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम १५४ खाली राज्य पालिकेला निर्देश देऊ शकतं. त्यामुळे "राज्य आणि पालिका यांच्यात समन्वय नाही" हे ऐकून आम्हाला हसू यायचं. पालिकेतली अर्धी महत्त्वाची माणसं राज्याचीच असतात. ती तीन वर्षांत बदलून जातात आणि कुठल्या गल्लीत काय चाललंय ही माहिती त्यांच्यासोबत जाते.

दोन्हीकडून चांगलंही झालंय. डिसेंबर २०२० मध्ये यूडीसीपीआर आली, मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं सोडून जवळपास सगळ्या राज्याला एकच बांधकाम नियमावली. त्याच्या आधी प्रत्येक शहराची नियमावली (डीसीआर) वेगळी, जिन्याची रुंदी वेगळी, मार्जिन वेगळं. आता निदान अमरावतीचा इंजिनियर सांगलीत आला तर त्याला परत अभ्यास करावा लागत नाही.

पण आमच्या कामाची खरी गोम सांगतो. बांधकाम परवानगीच्या वेळी सगळी खाती एकत्र येतात, ऑनलाइन येतात, मुदतीत येतात, कारण तिथे पैसा आहे, प्रीमियम एफएसआय, म्हणजे पैसे भरून मिळणारं जादा बांधकाम, आहे, त्यात राज्याचाही वाटा आणि पालिकेचाही. ओसी, म्हणजे भोगवटा पत्र, दिलं की फाइल रेकॉर्डला. बारशाला सगळं गाव हजर आणि म्हातारपणी औषध आणायला कुणी नाही, तशातली गत. बांधून झालेल्या इमारतीसाठी वेगळा विभाग, वेगळे इंजिनियर माझ्या माहितीतल्या बहुतेक पालिकांत नाहीत. अतिक्रमणवाला कनिष्ठ अभियंताच पावसाळ्यात धोकादायक इमारती बघतो, निवडणुकीत बूथ बघतो.

वकीलीणबाई

निवृत्त साहेब, तुमचं बाकी पटलं, पण एक सोयीस्कर गाळलंत. पालिका पाडायला निघते तेव्हा मंत्रालयातून स्थगिती कुठून येते? नियमित करायची योजना कोण आणतं? २०१७ मध्ये एमआरटीपीत ५२अ घातलं, ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची बांधकामं शुल्क भरून नियमित करता येतील म्हणून. गुंठेवारीचा, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनीवरच्या बांधकामांचा, कायदा २००१ चा, त्याची तारीख २०२१ मध्ये पुढे आणून ३१ डिसेंबर २०२० केली. पिंपरी-चिंचवडचा शास्तीकर, म्हणजे अवैध बांधकामावरचा दंडात्मक कर, २०२३ मध्ये माफ. ह्या प्रत्येक निर्णयामागे खरी कुटुंबं आहेत, मी त्यांच्या बाजूने उभी राहिलेय, मला त्यांचं दुःख माहितीय. पण नियमित करताना मार्जिन मोजतात, एफएसआय मोजतात. काँक्रीट कुणी मोजत नाही मनापासून. शुल्क भरल्याने कॉलम जाड होत नाही.

निवृत्त_नगररचना

बाई, गाळलं नाही, पेन्शन चालू आहे म्हणून हळू बोलतो. 😀

तुमचं म्हणणं मान्य. फक्त स्थगितीचा अर्ज घेऊन मंत्रालयात जाणारे कोण असतात तेही लिहा. त्याच प्रभागातले नगरसेवक, जे सभागृहात "अनधिकृत बांधकामांवर कारवाई का नाही" म्हणून आम्हाला झापायचे.

बंबवाला

अग्निशमन दलात आहे, शहर सांगत नाही.

फॉर्म बी चा उल्लेख आलाय म्हणून. २००६ चा महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक कायदा आहे, २००८ च्या शेवटी लागू झाला. तुमच्या इमारतीतली यंत्रणा चालू आहे असा दाखला परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, अग्निशमन दलाला द्यायचा. एजन्सीला परवाना देतं राज्याचं अग्निशमन सेवा संचालनालय. इमारत आमच्या शहरात. खोटा फॉर्म बी आम्हाला सापडला तर आम्ही इमारतीला नोटीस देऊ शकतो, एजन्सीबद्दल मात्र संचालनालयाला लिहायचं. आणि सगळे फॉर्म तपासायला माणसं नाहीत, खरं सांगतो, आम्ही नमुन्यादाखल जाऊन बघतो.

लहान नगरपरिषदांची आणखी वेगळी तऱ्हा. पात्र अधिकारी नाही तिथे उंच इमारतीची एनओसी संचालनालयाकडून येते. म्हणजे परवानगी देणारा मुंबईत आणि आग लागली की जाणारा एक बंब आणि चार माणसं घेऊन तिथला. गावातली सगळ्यात उंच शिडी दुसऱ्या मजल्याला टेकते आणि समोर सात मजली उभी.

राहिली लिफ्ट. ती राज्याच्या विद्युत निरीक्षकाकडे, २०१७ चा लिफ्टचा कायदा. ती पालिकेची नाही हे रहिवाशांना लिफ्टमध्ये अडकल्यावर कळतं. फोन मात्र आम्हालाच येतो.

अडगुळे_मडगुळे

म्हणजे लिफ्टने वर जाताना मी राज्य सरकारच्या अखत्यारीत आणि जिन्याने उतरताना महापालिकेच्या. भारीय.

सेक्रेटरी_अनिच्छेने

आणि जिन्यात चपलांचं कपाट ठेवणारे शेजारी कुणाच्याच अखत्यारीत नाहीत.

टॅम्पाकर

फ्लोरिडात राहतो, "आमच्याकडे" सुरू करतोय म्हणून आधीच हात जोडतो. पण विषय अगदी तोच आहे.

जून २०२१ मध्ये मायामीजवळ सर्फसाइडला शॅम्प्लेन टॉवर्स साउथ ही बारा मजली निवासी इमारत मध्यरात्री पडली, ९८ माणसं गेली. जेमतेम चाळीस वर्षांची. त्या काउंटीत चाळीस वर्षांनी तपासणीचा स्थानिक नियम होता, राज्यात बहुतेक ठिकाणी काहीच नव्हतं. २०२२ मध्ये राज्याने कायदा केला, तीन मजले आणि वरच्या कॉन्डोंना तीस वर्षांनी तपासणी, मग दर दहा वर्षांनी. हो, आपलेच ३० आणि १०! फरक एवढाच की रिपोर्ट स्थानिक इमारत अधिकाऱ्याकडे द्यायचाच, त्याचा इंजिनियरने लिहिलेला सारांश प्रत्येक मालकाला द्यायचा आणि इमारतीत ठळक जागी लावायचा. शिवाय छत, स्ट्रक्चर वगैरेसाठी राखीव निधी साठवायचा, तो सभेत मत घेऊन शून्य करता येत नाही. आधी लोक सर्रास शून्य करायचे.

आता चौथा मजला यांच्या मताला थोडा सुरुंग. त्या इमारतीचं नुकसान २०१८ मध्येच इंजिनियरने लिहून दिलं होतं. तो रिपोर्ट तिथल्या नगरपालिकेकडे पोचलाही होता. म्हणजे कागद फटीत पडला नव्हता, योग्य टेबलावर होता.

खडी_वाळू_सिमेंट

@टॅम्पाकर, हे महत्त्वाचंय. रिपोर्ट पोचणं आणि तो वाचायची जबाबदारी कुणावर तरी असणं ह्यात फरक आहे. आमच्या रिपोर्टला जर "मिळाला, वाचला, अमुक तारखेपर्यंत टेकू लावा" असं एक सहीचं उत्तर द्यायची सक्ती झाली तर मी स्वतः रिपोर्ट जास्त जपून लिहीन. आत्ता उत्तरच येत नाही.

पण टीका म्हणून एक, राखीव निधीच्या सक्तीने तिथे निवृत्त लोकांचे हाल झाले असं वाचलंय?

टॅम्पाकर

झालेत. ज्यांनी तीस वर्षं मेंटेनन्स कमी ठेवला त्यांच्यानंतर घर घेतलेल्यांना एकरकमी मोठ्या रकमा भराव्या लागल्या, काहींनी घरं विकली. फुकट काहीच नाही.

पागडी_गिरगाव

आत्तापर्यंत सगळं अधिकाऱ्यांच्या आणि इंजिनियरांच्या बाजूने आलंय, आता आमचं ऐका.

इमारत सी१ झाली की नोटीस येते, मग वीज-पाणी तोडतात, मग पोलीस घेऊन येतात आणि बाहेर काढतात. लोक निघत नाहीत म्हणून तुम्ही पेपर वाचून म्हणता काय मूर्ख आहेत, जीव प्यारा नाही का. अहो माझी आई त्या खोलीत लग्न होऊन आली. बाहेर पडलो तर जायचं कुठे? संक्रमण शिबिर मिळालं तर मुंबईच्या दुसऱ्या टोकाला, मुलांची शाळा इथे, वडिलांचा डॉक्टर इथे. आणि संक्रमण शिबिरात गेलेले लोक तिथेच म्हातारे झालेले आम्ही बघितलेत, काहींचे नातू तिथे जन्मले. कायदा म्हणतो हक्क जात नाही, पाडायच्या आधी कुणाकडे किती जागा ते मोजून लिहून देतात. देतात, खरंय. तो कागद घेऊन किती वर्षं थांबायचं ते त्यावर लिहिलेलं नसतं.

म्हाडा कायद्यात ७९अ आलं, इमारत धोकादायक ठरली की मालकाला सहा महिने, त्याने प्रस्ताव नाही दिला तर भाडेकरूंच्या सोसायटीला सहा महिने, तेही नाही झालं तर म्हाडा ताब्यात घेऊन बांधणार. वाचायला फार छान आहे. पण धोकादायक ठरवणारा एक, मुदत मोजणारा दुसरा, आणि मालक कोर्टात. माझं म्हणणं इतकंच, रिकामी करायची नोटीस आणि राहायच्या जागेचा पत्ता एकाच कागदावर यायला पाहिजे. दोन ऑफिसं असतील तर त्यांनी आपसात ठरवून मग आमच्या दारात यावं.

मुंबैकर_हल्ली_बदलापूर

पागडी, +१००. उगाच उठून बदलापूरला आलो नाही आम्ही.

आणि ज्यांना वाटतं सगळा दोष भाडेकरू-मालक भांडणाचा त्यांनी माझगावची बाबू गेनू मार्केटची इमारत आठवावी. २७ सप्टेंबर २०१३, ६१ मृत्यू. इमारत पालिकेची, राहणारे पालिकेचे कर्मचारी, तपासणारी पालिका. तिथे राज्याशी समन्वय वगैरे काही लागत नव्हतं, आपला आपल्याशीच लागत होता.

चौथा_मजला

पागडींचा प्रतिसाद वाचून जरा थांबलो. तुम्ही म्हणताय तो समन्वय माझ्या डोक्यातल्यापेक्षा फार मोठा आहे, मी नुसत्या फायलींचा विचार करत होतो.

टॅम्पाकर, सुरुंग पोचला. पण मला अजून वाटतं की माहिती एकत्र असती तर निदान नाही म्हणायला जागा राहत नाही. कल्याण-डोंबिवलीचं घ्या ना. ६५ इमारती, पालिकेच्या खोट्या परवानग्या दाखवून रेराची नोंदणी घेतली. पालिका म्हणते आम्ही परवानगी दिलीच नाही, रेरा म्हणते कागद होते. एका वास्तुविशारदाने कोर्टात याचिका केली म्हणून बाहेर आलं आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हायकोर्टाने पाडायला सांगितलं. घरं घेणाऱ्यांनी रेरा नंबर बघूनच घेतली होती! हे प्रकरण बाहेर आल्यावर, निकालाच्या आधीच २०२३ पासून, कुठे रेराने पालिकेकडून सीसीची (बांधकाम परवानगीची) खात्री ईमेलवर करून घ्यायला सुरुवात केली. एक ईमेल हो. एवढंच करायचं होतं.

वकीलीणबाई

ह्यात भर. डिसेंबर २०२४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात सांगितलंय की वीज-पाण्याची जोडणी भोगवटा पत्र बघून द्या, बँकांनीही ते तपासूनच कर्ज द्यावं. हा मला सगळ्यात व्यवहारी उपाय वाटतो, कारण पालिकेचा माणूस इमारतीकडे बघो न बघो, मीटरशिवाय फ्लॅट विकला जात नाही. पण वीज कंपनी, बँक, पालिका ह्यांच्या यंत्रणा जोडलेल्या नाहीत, त्यामुळे अंमल माणसागणिक वेगळा.

सातबारा_उतारा

तुम्ही सगळे शहराच्या आतलं बोलताय, मी शिवेवरचा. आमच्याकडे एका रात्रीत गाव पालिकेत जातं. पुण्याच्या हद्दीत २०२१ मध्ये २३ गावं आली. कर घेणार महापालिका, पाणी द्यायचं महापालिकेने, आणि बांधकाम परवानगी पीएमआरडीएकडे, म्हणजे पुणे महानगर प्रदेशाच्या प्राधिकरणाकडे, राहिली. त्याआधी २०१७ ला आलेल्या ११ गावांपैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची नंतर बाहेर काढून वेगळी नगरपरिषद केली. ज्याने २०१५ ला ग्रामपंचायतीच्या कागदावर तीन मजले चढवले त्याची फाइल आता कुणाकडे आहे? गावात कुणाला विचारा, हसतात.

मुंब्र्याजवळ शीळफाट्याची लकी कंपाउंडची इमारत पडली, एप्रिल २०१३, ७४ माणसं, ती वनजमिनीवर होती. वन खातं राज्याचं, महसूल राज्याचा, शहर ठाण्याचं. एवढी मोठी इमारत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उभी राहिली. विरारला ऑगस्ट २०२५ मध्ये रमाबाई अपार्टमेंट, १७ जण, तीही अनधिकृतच. लोक म्हणतात अधिकाऱ्यांना दिसत नाही का. दिसतं. आमच्या तलाठ्याला गावातली प्रत्येक विहीर माहीत असते, पाच मजली इमारत कशी माहीत नसेल. फक्त ती त्याच्या रकान्यात बसत नाही.

कोकणी_कणगी

महाडची तारिक गार्डन विसरू नका, ऑगस्ट २०२०, १६ जण. ती जुनी नव्हती हो, दहा वर्षंही झाली नसतील. ३० वर्षांचा नियम तिला लागूच नव्हता. रेरात पाच वर्षं स्ट्रक्चरल दोषाची जबाबदारी बिल्डरवर आहे, त्यानंतर ३० पर्यंतची २५ वर्षं कुणाची? छोट्या नगरपरिषदेत बांधकाम चालू असताना काँक्रीट तपासायला जाणारा इंजिनियर किती वेळा जातो ते विचारूच नका.

खडी_वाळू_सिमेंट

कणगी यांनी बरोबर जागी बोट ठेवलं. आम्हाला पालिकेच्या फॉर्मवर वय भरायचं असतं. धोका वयापेक्षा पाणी, खारी हवा, बांधतानाचं काँक्रीट आणि नंतरची तोडफोड ह्यांवर जास्त असतो. राज्याने "समुद्रापासून इतकं अंतर असेल तर २० व्या वर्षी" असं काही केलं तर मी पहिला सही करीन.

नुसताच_वाचक

माझी इमारत समुद्रापासून दीड किलोमीटर. पॉपकॉर्न ठेवून दिले, उद्या चेअरमनला भेटतो.

निवृत्त_नगररचना

मूळ प्रश्नाकडे एकदा येतो. कायद्यात सोय आहे का, तर तुकड्यातुकड्यात आहे, नवा मोठा कायदा लागत नाही. राज्याने एक शासन निर्णय काढायचा की प्रत्येक मालमत्ता कराच्या खात्याला इमारतीचं वय, ऑडिटची तारीख, वर्ग, फॉर्म बी, लिफ्टचा दाखला जोडायचा. मालमत्ता कराची नोंद प्रत्येक पालिकेकडे आहे, अनधिकृत इमारतीचीसुद्धा, कारण कर तर आपण त्यांच्याकडूनही घेतो. उपनिबंधकांनी रिपोर्ट स्वीकारताना तो खाते क्रमांक टाकायचा. आणि राज्याने पैसे द्यायचे, इमारत विभागात चार इंजिनियर वाढवायला. पैसे न देता नुसता निर्णय काढला तर त्याची प्रतही रेकॉर्डलाच जाईल, हे मी अनुभवाने सांगतो.

वकीलीणबाई

आणि तो तक्ता लोकांना बघता आला पाहिजे. भाड्याने घर घेणाऱ्याला सुद्धा.

सेक्रेटरी_अनिच्छेने

बघता आला तर फ्लॅटचे भाव पडतील म्हणून सगळ्यात आधी आमच्याच सोसायट्या विरोध करतील. लिहून ठेवा.

दुकानावरचा

उशिरा आलो, सगळं वाचलं नाही. मला तातडीचं विचारायचंय. आमच्या तळमजल्यावर नवीन दुकानदार आलाय, दोन गाळे एक करतोय, दोन रात्री ब्रेकर चालू आहे. सोसायटी म्हणते आतलं काम आहे, आपण कसं अडवणार. काय करू?

खडी_वाळू_सिमेंट

दुकानावरचा, बाकी सगळं सोडा, आधी आत जाऊन बघा की नुसती विटांची भिंत काढतायत की कॉलम-बीमला हात लावतायत. इमारत जुनी लोडबेअरिंग असेल तर भिंत हाच तुमचा कॉलम आहे, मग प्रश्नच मिटला, थांबवायचं. घाटकोपरला जुलै २०१७ मध्ये सिद्धी साई पडली, १७ जण, तिथे तळमजल्यावरच्या फेरबदलाचंच काम चालू होतं.

वकीलीणबाई

"आतलं काम" हा बचाव चालत नाही, स्ट्रक्चरमध्ये फेरबदलाला परवानगी लागते. तक्रार लेखी द्या, प्रभाग कार्यालयात, फोटो जोडून, आवक क्रमांक घ्या, तीच प्रत आयुक्तांना ईमेल करा. सोसायटीलाही लेखी द्या म्हणजे उद्या त्यांना माहीत नव्हतं म्हणता येणार नाही. रात्री ब्रेकर चालू झाला तर ११२ ला फोन करा, पोलीस आवाजासाठी तरी येतात आणि काम त्या रात्रीपुरतं थांबतं.

बंबवाला

आणि भेगा पडायला लागल्या, दारं अडकायला लागली किंवा प्लास्टर गळायला लागलं तर तक्रार-बिक्रार नंतर, सगळ्यांना खाली उतरवा आणि १०१ ला फोन. लिफ्ट वापरू नका.

दुकानावरचा

दार अडकतंय. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं, परवापासून, पावसाने फुगलं असेल असं म्हणत होतो. फोन लावतो.